मालकाचं नाव

आयुष्यात मी सगळ्यात जास्त काय लिहिलं असेल तर ते शोधनिबंध नव्हेत, गोपनीय अहवाल. अंतराळ खात्यात तीसेक वर्षं काढली म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अग्निबाण उभे राहतात. प्रत्यक्षात दरवर्षी मार्च संपत आला की मी खोलीचं दार लावून घ्यायचो आणि हाताखालच्या माणसांचे अहवाल लिहायला बसायचो. कोण कामसू, कोण नुसता बोलघेवडा, कोणाला बढती द्यावी, कोणाला अजून मुरू द्यावं. माणूस वर्षभर उन्हातान्हात राबलेला असायचा आणि मी त्याचं वर्ष चार ओळींत बसवून खाली सही ठोकायचो. या कामात माझा हात चांगला बसला होता, असं वरचे साहेब म्हणायचे. मलाही ते खरं वाटायचं.

त्या शेकडो अहवालांतलं एकच वाक्य मला आज आठवतं. लिहिलं होतं इंग्रजीत, पण मराठीत त्याचे पाचच शब्द होतात : प्रत्यक्ष पाहणीचे काम विश्वासार्ह नाही. ते ज्या माणसाबद्दल लिहिलं तो आता नाही. मी आहे, म्हणून सांगतो.

मी काटोलजवळच्या एका गावचा. घरची संत्र्याची बाग होती. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडून बाग सांभाळली आणि मी नागपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलो. रॉकेट म्हणजे दिवाळीत बाटलीत उभं करून पेटवतात ते, एवढंच आमच्या गावाला ठाऊक होतं, त्या साठच्या दशकात मला दक्षिणेकडच्या समुद्रकाठी अंतराळ खात्यात नोकरी लागली. संध्याकाळी रॉकेट वर जायचं आणि आकाशात रंगीत वाफेचा पट्टा सोडायचं. वारा तो पट्टा कसा वाकवतो याचे आम्ही फोटो काढायचो. रंग नेमका पिकल्या संत्र्याचा. मी दादाला पत्र लिहिलं की आपल्या बागेचा रंग मी आभाळात बघतो. दादानं ते पत्र पारावर चार लोकांना वाचून दाखवलं होतं म्हणे.

तिथले माझे पहिले साहेब फार कडक. एकदा मी आलेख जरा सुबक काढला, तर त्यांनी तो माझ्यासमोर टराटरा फाडला. "पट्टा वाकडा दिसला तर वाकडाच काढायचा," ते म्हणाले. "वारा तुमच्या सोयीनं वाहत नाही." ही गोष्ट मी पुढे माझ्या प्रत्येक भाषणात सांगितली. टाळ्या हमखास पडायच्या.

मग जे सगळ्यांचं होतं ते माझं झालं. संशोधन सुटत गेलं आणि संशोधनाची व्यवस्था बघणं हातात आलं. बैठका, मंजुऱ्या, दौरे. ऐंशीच्या दशकात उपग्रहांच्या चित्रांवर काम करणारं एक छोटं केंद्र नागपुरात आमच्या खात्यानं सुरू केलं आणि त्याचा प्रमुख म्हणून मला पाठवलं. घरचा माणूस घरी आला म्हणून दादा पेढे घेऊन ऑफिसात आला. येताना संत्र्यांची पाटीही आणली. त्यानंतर दर बहाराला गावाहून एसटीच्या टपावर पाटी यायची. मी ती सगळ्या टेबलांवर वाटायचो आणि वर ऐकवायचो, आमच्या घरची आहेत, बाजारात अशी मिळायची नाहीत.

केंद्राचं पहिलं मोठं काम मीच ठरवलं : काटोलकडच्या संत्र्याच्या पट्ट्याचा नकाशा. उपग्रहाच्या चित्रात जिवंत हिरवळ लाल उमटते. काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, वर चित्र पसरायचं, त्यावर पारदर्शक कागद ठेवून लाल तुकडे पेन्सिलीनं गिरवायचे. भरदार लाल म्हणजे निरोगी बाग. पण चित्रावर विसंबून चालत नाही. काही ठिकाणं निवडायची, तिथं माणूस पाठवायचा, त्यानं त्या जमिनीवर उभं राहून फॉर्म भरायचा. पीक कोणतं, झाडं किती वयाची, ओळींमध्ये काय पेरलंय, शेताचा मालक कोण. याला आम्ही ग्राउंड ट्रुथ म्हणायचो. चित्र आणि जमीन यांत भांडण झालं तर जमीन खरी, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

ते काम मास्तरकडे होतं. आधी शाळेत शिकवत होता म्हणून ऑफिसात सगळे त्याला मास्तर म्हणायचे. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा, हडकुळा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्याच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, तेव्हा हा वडिलांबरोबर गावाहून चालत आला होता, हे त्यानंच एकदा जीपमध्ये सांगितलं. नागपुरातल्या नंदनवन वस्तीत राहायचा. एसटीनं काटोलला जायचा, तिथून भाड्याची सायकल घ्यायचा आणि शेतं पालथी घालायचा. वर्षानुवर्षं क्षेत्र-सहायक म्हणून घासला होता. त्या वर्षी त्याचं नाव पहिल्यांदाच बढतीच्या यादीत होतं आणि ती मिळाली असती तर निवृत्तीआधी तो अधिकारी झाला असता. त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला बढतीची जास्त आस होती, असं तो हसत म्हणायचा.

जानेवारीच्या शेवटी तो पाहणी करून आला. सगळे फॉर्म नेहमीसारखे, मोत्यासारखं अक्षर. एकच फॉर्म वेगळा. दोन गावांच्या शिवेवर, ओढ्याच्या वळणात एक मोठा तुकडा होता. चित्रात लालभडक. मास्तरनं लिहिलं होतं : झाडं डिंक्या रोगानं वाळलेली, जवळजवळ सगळी मेलेली. ओळींमध्ये हरभरा. चित्रातला लाल रंग हरभऱ्याचा आहे, बागेचा नाही. आजूबाजूच्या बागांतही रोग दिसतो.

आणि मालकाच्या नावाचा रकाना कोरा.

मला राग आला. दोन आठवड्यांनी मुख्यालयातून साहेब येणार होते, कृषी खात्याची माणसं येणार होती, नकाशा रंगवून भिंतीवर चढला होता. त्यात हा तुकडा, आणि त्याच्या भोवतालचा सगळा पट्टा, निरोगी म्हणून दाखवलेला. आणि लाल रंग कशाचा ते ठरवणारा हा कोण? ते माझं काम. फोटो नाही का, विचारलं, तर कॅमेरा नव्हता म्हणाला. बरोबरच होतं, ऑफिसचा एकुलता एक कॅमेरा मी दिल्लीच्या परिषदेला नेला होता, व्यासपीठावरचे माझेच फोटो काढून घ्यायला.

"मालकाचं नाव काहून नाही लिहिलं?" मी विचारलं. संतापलो की माझी साहेबी मराठी गळून पडायची.

"राहू द्या सर तेवढं," तो म्हणाला.

"राहू द्या म्हणजे? गेले होते का तिथं, का काटोलच्या स्टँडवर चहा पीत बसून फॉर्म भरला?"

"गेलो होतो सर. मी उभा होतो त्या धुऱ्यावर."

"मग नाव?"

माझ्या टेबलावर आदल्याच दिवशी गावाहून आलेली पाटी होती. मी एक संत्रं सोललं आणि फोड त्याच्या पुढ्यात धरली. "ही खा. तिकडचीच आहे, आमच्या घरच्या बागेतली. मी संत्र्यात जन्मलो, मास्तर. तुम्ही मले संत्रा शिकवून राहिले का? मेलेल्या बागेले अशी फळं येतात का, सांगा?"

आजूबाजूची टेबलं ऐकत होती. मास्तरनं फोड घेतली, तोंडात टाकली, सावकाश चावली. बी हातरुमालात घेतली. "गोड आहे सर," म्हणाला आणि जागेवर गेला.

इथं मला एक कबूल केलं पाहिजे. त्या तुकड्याचा लाल रंग बागेचा नव्हता, हे माझ्या डोळ्याला दिसलं होतं. बागेचा लाल मुरलेला असतो, थोडा काळपट. हा उजळ होता, गुलाबीकडे झुकणारा. मी मनात म्हटलं, प्रिंट खराब आली असेल. आणि दुसरंही कबूल केलं पाहिजे, ते पहिल्यापेक्षा वाईट आहे. मास्तरच्या जागी दुसऱ्या आडनावाचा, आमच्यापैकी कोणी असता आणि त्यानं हेच लिहिलं असतं, तर मी जीप काढून बघायला गेलो असतो. काटोल काही चंद्रावर नाही. तासा-दीड तासाचा रस्ता. मी तेव्हा स्वतःला फार सुधारलेला समजत होतो, कोणाच्याही घरी जेवत होतो, आणि तरी याच्या जिभेवर माझा विश्वास बसायला काहीतरी आडवं येत होतं. ते काय होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. लाज वाटते.

तो फॉर्म मी बाजूला काढला. नकाशा तसाच राहिला. साहेब आले, खूश झाले. कृषी खात्यानं रोगाच्या बंदोबस्ताची पथकं दुसऱ्या भागात पाठवली, कारण आमच्या नकाशाप्रमाणे हा पट्टा ठणठणीत होता. मार्चअखेर मी दार लावून बसलो आणि मास्तरच्या अहवालात ते पाच शब्द लिहिले.

असा वाईट शेरा मारला की तो त्या माणसाला लेखी कळवावा लागतो आणि त्याला उत्तर द्यायची मुभा असते. लोक पानंच्या पानं लिहायचे, डॉक्टरची सर्टिफिकेटं जोडायचे. मास्तरचं उत्तर आलं ते दोन ओळींचं. "मी त्या शेतात गेलो होतो. याहून अधिक मला लिहायचे नाही." मला तो उद्धटपणा वाटला. शेरा कायम ठेवावा की काढावा याचा निर्णय मला जुलैच्या बढती मंडळाआधी द्यायचा होता. मी कागद खणात टाकला.

मे महिन्यात दादाच्या मुलीचं लग्न होतं. मुलाकडचे मोठे बागाईतदार, काटोलच्या बाजारात वजन असलेले. मांडव गावात, आमच्या घरासमोर. उन्हाचा नुसता जाळ. मी पाहुण्यांत मिरवत होतो, अंतराळातले काका म्हणून व्याह्यांशी ओळख करून दिली जात होती, आणि तेवढ्यात मला पंगतीत मास्तर बसलेला दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? शेरा काढून घ्यायला साहेबाच्या घरच्या लग्नात आला. मी त्याच्याकडे पाठ केली. तो जेवला, नवरीला एक लुगडं दिलं, दादाशी दोन शब्द बोलला आणि तीनच्या गाडीनं निघून गेला.

संध्याकाळी वऱ्हाड निघालं, घर रिकामं झालं. मागच्या अंगणात आचाऱ्यांच्या चुली अजून धगधगत होत्या. मी खुर्ची टाकून बसलो होतो. धुराला एक वास होता, मला ओळखीचा, पण आठवेना कुठला. चुलीशेजारी लाकडांचा ढीग पडला होता. पिवळट, घट्ट, गाठाळ लाकूड.

"दादा, हे लाकूड कशाचं गा?"

दादा खाली उकिडवा बसला. मुलगी सासरी गेली होती, आता त्याला लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"संत्र्याचं," तो म्हणाला. "आपल्या बागेचं. दोन वर्षं झाली, डिंक्यानं समदी खाल्ली. औंदा तोडली."

"आणि पाट्या? मला पाठवत होतास त्या?"

"काटोलच्या बाजारातून. निवडून घेत होतो, तुले कळू नये म्हनून."

तो सांगत गेला. सोयरीक बागेच्या जोरावर जमली होती. बाग गेली हे कळलं असतं तर मोडली असती. "तुले सांगितलं असतं, पन तुह्या तोंडात तीळ भिजत नाही. व्याह्यापुढं बोलून गेला असता." आणि मग म्हणाला, "तुह्या ऑफिसचा मास्तर मोठा माणूस हो. थंडीत आला होता कागद घेऊन, झाडं पाहून राहिला होता. मी हात जोडले. म्हनलं, बावा, मी तुमच्या साहेबाचाच भाऊ आहे. जे पाह्यलं ते लिहा, खोटं लिहा म्हनत नाही. पन माहं नाव लिहू नका, साहेबालेही सांगू नका, पोरीचं लगीन आहे. त्यानं शब्द देल्ला. त्याले बोलावलं म्हनून तर आज आला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेतावर गेलो. कितीतरी वर्षांनी. दिवाळीला घरी यायचो ते ओट्यावर बसून फराळ करून परत जायचो. बाग नव्हती, बुंधे होते. खाली ओढा, कोरडा, आणि त्याचं ते वळण. मी याच वळणाच्या डोहात पोहायला शिकलो. महिनाभर काचेच्या टेबलावर हे वळण माझ्या नाकाखाली होतं, मी पेन्सिलीनं त्याच्या कडेकडेनं गिरवलं होतं, आणि मला स्वतःच्या घरचं शेत ओळखता आलं नव्हतं. मास्तरला ते एका फेरीत कळलं, आणि त्यानं माझ्याच घरची लाज झाकायला रकाना कोरा ठेवला. त्या कोऱ्या रकान्यावरून मी त्याला खोटं ठरवलं.

मे होता. मंडळ जुलैत बसणार होतं. कागद माझ्या खणात होता. त्यावर मला एवढंच लिहायचं होतं की शेरा चुकीचा आहे, काढून टाकावा. लग्न पार पडलं होतं, मास्तरनं दादाला दिलेला शब्दही आता आड येत नव्हता. पण शेरा चुकीचा म्हटलं की फॉर्म खरा ठरतो. फॉर्म खरा ठरला की नकाशा खोटा ठरतो. आणि नकाशावर मुख्यालयानं कौतुकाचं पत्र पाठवलं होतं, माझं नाव वरच्या जागेसाठी चाललं होतं. मी दोन महिने रोज तो खण उघडला आणि बंद केला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी कागदावर लिहिलं : शेरा कायम. सही केली. नेहमीसारखीच सही आली.

आणि दादाला म्हटलं, मला कळलंय हे मास्तरला सांगू नकोस. दादानं का म्हणून विचारलं नाही. त्यानं स्वतःच तसं काही मागितलं होतं, मग मला कोणत्या तोंडानं विचारणार? पण त्यानं मागितलं ते पोरीसाठी. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणणाऱ्या भावाला मी हे एवढं गुपित वर्षानुवर्षं ठेवून दाखवलं.

मास्तरला बढती मिळाली नाही. मला मिळाली, पण केंद्र माझ्याकडेच राहिलं. पुढे दरवर्षी मी त्याच्या अहवालात "उत्कृष्ट" लिहिलं, बैल गेला अन् झोपा केला तसं. मंडळानं दरवेळी मागचा शेरा काढून बघितला आणि त्याचं नाव खाली सरकवलं. तो नेहमीसारखा एसटीनं जायचा, सायकलीनं फिरायचा. आता प्रत्येक फॉर्मवर मालकाचं नाव असायचं. माझ्याकडे तक्रारीच्या नजरेनं त्यानं कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी चिडलो असतो आणि सुटलो असतो.

क्षेत्र-सहायक म्हणूनच तो निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात मी भाषण केलं. वाकड्या पट्ट्याची गोष्ट सांगितली. टाळ्या पडल्या. मास्तरही वाजवत होता, आणि ते बघून मला स्टेजवर उभं राहवेना. दुसऱ्या रविवारी बाजारातून डझनभर संत्री घेतली आणि नंदनवनात त्याच्या घरी गेलो.

दोन खोल्यांचं घर, स्वच्छ सारवल्यासारखं. त्याच्या बायकोनं खुर्ची पुसून दिली आणि चहा ठेवायला आत गेली. मी सगळं ठरवून आलो होतो. "मास्तर," मी म्हटलं, "मी चुकलो. ती बाग आमची होती. तुम्ही लिहिलेलं सगळं खरं होतं. त्या शेऱ्यानं मी तुमचं नुकसान केलं."

त्यानं संत्र्यांची पिशवी उचलून बाजूला ठेवली. मग त्यानं विचारलं, "तुमाले कवा समजलं सर?"

एवढं साधं उत्तर होतं. लग्नाच्या संध्याकाळी. मंडळ बसायच्या दोन महिने आधी. हे सांगायलाच मी आलो होतो.

"परवा," मी म्हणालो. "दादानं परवा सांगितलं."

मास्तरचा चेहरा उजळला. इतकी वर्षं त्याला मी तसा कधी बघितला नव्हता. त्यानं आतल्या खोलीकडे बघून हाक मारली. "आयकलं का वं? मी तुले म्हनत होतो नं? सरले माहीत नसन. माहीत असतं तर त्याहीनं तो शेरा ठेवलाच नसता." मग माझ्याकडे वळून, "इच्या मनात लय दिवस होतं सर. आता गेलं."

त्याची बायको दारात आली. हातात चहाची बशी होती. तिनं मला हात जोडले. मास्तरनं मी आणलेलं एक संत्रं सोललं, त्याच्या फोडी केल्या आणि पहिली माझ्या पुढ्यात धरली. मी ती घेतली आणि तोंडात टाकली.

"गोड आहे," मी म्हणालो.